घाट / मुक्काम

रात्री सव्वाबाराला चौगुले मॅडमचा फोन, आंबोलीतून.
अगं, डोक्याला साबण लावून उभी आहे मी,
नळ नुसता फुसफुसतोय
आणि तुझा डबा म्हणतोय, वीस टक्के.
कशाचे वीस टक्के? हवेचे?

अंथरुणातच उठून बसले.
म्हटलं, पाच मिनिटं थांबा, उतरेल.
काय उतरेल?
आकडा.
पाणी उतरलंय की आधीच, म्हणाल्या,
आता आकड्याची वाट बघत फेस वाळवू होय?
आणि फोन कट.

गाडी इथंच झालेली, उद्यमनगरात,
जुन्या ट्रॅव्हलरची.
आत पलंग, शेगडी, छपरावर सोलरची दोन पानं,
मागच्या बाकाखाली ऐंशी लिटरची स्टीलची टाकी.
वेल्डिंग दस्तगीरभाईंचं, वायरिंग माझं.

दस्तगीरभाईंचा सेन्सरवर विश्वास नाही.
ते बोटाच्या पेरानं टाकी वाजवत खाली येतात:
टण, टण, टण,
थप्प.
थप्प म्हटलं तिथं पाणी.
बघ, म्हणतात, किती वेळ लागला?

पण ते वाजवतात उभ्या टाकीला.
पहिल्या चाचणीला आम्ही जोतिबाचा डोंगर चढलो तेव्हा
वळणागणिक पाणी या भिंतीवरून त्या भिंतीवर,
आणि आकडा
नव्वद, अकरा, सत्तर, चार.
चारला अलार्म. पुन्हा नव्वद. पुन्हा चार.
मॅडमनी कानांवर हात ठेवले.
म्हणून खाली आल्यावर मीच त्याला सांगितलं,
शंभरदा बघ आणि मग एकदा बोल.
सगळ्यांची सरासरी काढ, बाबा,
एका हेलकाव्यानं हबकू नको.
तो शहाणा झाला.
इतका शहाणा झाला
की नळ कोरडा पडला तरी विचारच करत बसला.

महापुराच्या साली आम्ही सुतारवाड्यात होतो.
बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर यायची, फुटात आणि इंचात.
आईनं मोबाईल पाहिलाच नाही.
मोरीच्या जाळीतून झुरळं वर यायला लागली
तशी तिनं तांदळाचा डबा माळ्यावर चढवला,
मग शिलाई मशीन, मग मला.
आकडा नंतर आला.
बरोबर होता.

मॅडम परतल्या तेव्हा म्हटलं, गाडी ठेवून जा,
संध्याकाळपर्यंत करतो.
(आमच्याकडं बायकाही करतोच म्हणतात.)
पस्तीस रुपयांचं एक बटण बसवलं, दोन बाजूंचं.
नंबरप्लेटवाल्या पेंटरकडून वर लिहून घेतलं,
इकडं घाट, तिकडं मुक्काम.
घाटात धीर धरायचा,
मुक्कामाला लगेच सांगायचं.
पेंटरनं शंभर मागितले. मॅडमकडून काही घेतलं नाही,
साबणाचे वजा केले.

दस्तगीरभाईंनी बटण इकडून तिकडं करून पाहिलं.
म्हणाले, घरात लावता येतं का गं हे,
माणसाला?
आणि स्वतःच हसले, खोकला येईपर्यंत.

परवा दुपारी फोन. गगनबावड्याच्या पुढं, करूळ घाट.
पोरी, आकडा नाचालाय.
बटण कुठं आहे?
मुक्कामावर.
खाली करा की मग.
नको, म्हणाल्या, राहू दे.
भाचा गाडी चालवतोय, बोलत नाही काही,
धुक्यात बाहेर दिसत नाही काही.
अलार्मची वायर मीच काढून ठेवलीय.
हे बघ, साठ.
बावीस.
आता एकाहत्तर, मोठं वळण होतं वाटतं.
नऊ.
अगं बाई, अठ्ठ्याऐंशी!

सोल्डरिंगची इस्त्री स्टँडवर ठेवली.
समोरच्या बोर्डवरचा थेंब तसाच थिजला.
फोन कानाला, बराच वेळ.

कुणाचं काय बिघडलंय? दस्तगीरभाईंनी विचारलं.
काही नाही, म्हटलं.
वळणं मोजतोय.